डावी नाकपुडी

रफूच्या धंद्यात एकच शिवी असते आणि ती दोन शब्दांची असते: "रफू दिसतो." गिऱ्हाइकाने उशीर झाला म्हणून आदळआपट करावी, घडी नीट घातली नाही म्हणून तोंड वाकडं करावं, ते सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येतं. पण रफू दिसतो म्हटलं की संपलं. दिसत नाही त्याला रफू म्हणतात. दिसतं ते ठिगळ.

थोरलीने पस्तीस वर्षांत हे दोन शब्द ऐकले नव्हते. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा खाक्या, तिथे गिऱ्हाइकाची काय टाप. आणि मग एका मंगळवारी शाळेचे हेडमास्तर आपला गडद निळा कोट घेऊन परत आले. त्यांनी तो काउंटरवर पसरला, डाव्या खिशाखाली बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, दिसतो हो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला थोरली पुरून उरली असती.

ती कोट घेऊन खिडकीशी गेली. उलटा केला, सुलटा केला, भिंग लावलं. तिला काहीच दिसेना. "कुठे दिसतो? तुमच्या चष्म्यावर डाग असेल बघा."

धाकटी मशीनवरून उठून आली. दोघी सख्ख्या जावा. दुकान दोन भावांनी काढलं, भाऊ गेले, जावा राहिल्या. धाकटीने एकदा कोटाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"बोल की. दातखीळ बसली का?"

"काळा दोरा पडलाय, जाऊबाई," धाकटी पुटपुटली. "कोट निळा आहे."

रफूचा दोरा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ओढून काढायचा असतो, म्हणजे रंगाची चूक व्हायचा प्रश्नच नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. या कोटात शिंप्याने माया सोडलेलीच नव्हती. म्हणून थोरलीने डब्यातला दोरा घेतला होता, स्वतःच्या हाताने, भर दुपारच्या उजेडात, आणि तो निळाच आहे अशी तिला खात्री होती.

"सवडीने करा, घाई नाही," हेडमास्तर म्हणाले आणि कोट ठेवून गेले. ते 'सवडीने' थोरलीला फार लागलं. सवडीने करा असं म्हाताऱ्यांना म्हणतात.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. पिकलेल्या डोळ्याला निळं आणि काळं एकच दिसतं, त्यात चूक तुमची नाही, त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे. थोरलीने कोट दुकानातल्या खुंटीवर टांगला आणि धाकटीला बजावलं, "याला हात लावलास तर बघ. माझ्या हाताने बिघडलाय, माझ्याच हाताने उसवेन."

एवढंच काय ते तिला हवं होतं. डोळा उघडावा, कोट उसवावा, निळ्यात निळा दोरा जावा आणि हेडमास्तरांनी बोट ठेवायला जागा शोधावी, ती सापडू नये.

पण ऑपरेशनच्या दारातून तिला दोनदा परत पाठवलं.

*

कारण सांगायचं तर थोरलीच्या नाकापासून सुरुवात करावी लागेल.

चार वर्षांपूर्वी तिला पडसं झालं. असं झालं की सुई दोन बोटांत धरावी आणि तिसऱ्या बोटाने नाक पुसावं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तिला एक इवलीशी बाटली दिली. "दोन्हीकडे दोन-दोन थेंब. तीन दिवस. चौथ्या दिवशी फेकून द्यायची, मावशी, लक्षात ठेवा."

पहिला थेंब गेला आणि वर्षानुवर्षं बंद असलेल्या माळ्याची खिडकी कुणीतरी धाडकन उघडावी तसं झालं. वारा थेट कपाळापर्यंत. थोरली खुर्चीत बसल्या बसल्या हसली. चौथ्या दिवशी तिने बाटली फेकलीही. दुपारी नाक बंद झालं. पडशाने होतं तसं नव्हे, दुकानाचं शटर ओढल्यासारखं, वरून खालपर्यंत, खटकन. तिने कचऱ्याच्या डब्यातून बाटली काढली, पुसली आणि दोन थेंब घातले. शटर उघडलं.

जे उघडतं ते वाईट कसं असेल?

आधी सकाळ-संध्याकाळ. मग दर चार तासांनी. मग दर दोन. दोन थेंबांचे तीन झाले. औषधवाल्याने एकदा भुवया उचलल्या तेव्हापासून ती तीन गल्ल्यांतली तीन दुकानं पाळीपाळीने करू लागली. एक बाटली ॲप्रनच्या खिशात, एक उशाखाली, एक बटणांच्या डब्यात, एक मशीनच्या खणात. मशीनला तेल घालायची कुपी आणि ही बाटली, दोन्ही सारख्याच चोचीच्या. धाकटीने एकदा विचारलं होतं, "जाऊबाई, मशीनला हल्ली फारच तेल लागतं?" थोरली म्हणाली होती, "जुनी झाली की लागतं. तुला नाही का गोळ्या लागत?"

कारण गोळ्या धाकटीच्या. तिच्याकडे सात झाकणांची डबी होती, वार लिहिलेली. थोरली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची धाकटी जेवणाआधी गोळी खाते, जेवणानंतर गोळी खाते, आणि मध्ये तोंडी लावायला भात. माझ्या पोटात औषधाचा कण गेलेला नाही. विचारा हिला."

आणि यात ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात लहानपणापासून औषध म्हणजे गिळायचं ते. टाचेला लावतात ते मलम, डोक्याला लावतात ते तेल आणि नाकात घालतात ते थेंब. त्यांना काय औषध म्हणायचं? ती आपली देखभाल. मशीनला करतात तशी.

फक्त मशीन तेलासाठी अर्ध्या रस्त्यातून घरी परत येत नाही. थोरली आली होती. भाचीच्या नव्या घरी जायला निघाली, तिसऱ्या स्टॉपवर खिसा चाचपला, खिसाच नाही. ॲप्रन दुकानातच राहिला होता. बसच्या काचा बंद, बाजूला जाडजूड माणूस, आणि नाक हळूहळू आवळत येतंय, आधी उजवं, मग डावं. ती चौथ्या स्टॉपवर उतरली, उलट पावली आली आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघा धरला. त्या दिवसापासून गुडघा फार उपयोगी पडला. जिथे म्हणून जायचं नसेल तिथे गुडघा धरायचा. नाटक नको, लग्न नको, भाचीकडे तर नकोच. दुकान आणि घर, घर आणि दुकान, आणि मध्ये चार बाटल्या.

*

ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला धाकटी बरोबर होती. पांढऱ्या फरशीची लांब खोली, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र. सिस्टर तरुण होती, तोंडात पेनाचं टोपण धरून कागद भरत होती.

"साखर? बीपी? कुठलं औषध चालू?"

"काही नाही."

"जाऊबाईंना गोळी कशाशी खातात ते माहीत नाही," धाकटीने साक्ष दिली. थोरलीची मान आणखी ताठ झाली.

मग सिस्टरने समजावलं. पाठीवर झोपायचं. तोंडावर हिरवं कापड येणार, डोळ्यापुरतं भोक. बोलायचं नाही, खोकायचं नाही, तोंडाने मोठमोठे श्वास घ्यायचे नाहीत, डोकं हलतं आणि डोळ्यात सुई असते. "नाकाने शांत श्वास घ्यायचा. बस्स."

बस्स म्हणे.

थोरली उठली आणि संडासात गेली. कडी लावली, मान मागे केली, चार इकडे, चार तिकडे. अर्धा तास कापडाखाली उघडं राहायला हवं. तोंडावर कापड आणि आत बंद नाक, या विचारानेच तिच्या बगला ओल्या झाल्या. बाहेर आली तर दंडाला पट्टा बांधला गेला. पट्टा फुगला, सुस्कारला. सिस्टरने दोनदा मोजलं. वरचं एकशे नव्वद. "आज नाही होणार. घाबरलात का?"

"मी?" थोरली म्हणाली. "मी घाबरते?"

साध्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे तिने फक्त सवयीचे तीन थेंब घातले होते, कारण तिथे कापड नव्हतं. वरचं एकशे पन्नास. वयाच्या मानाने ठीक, ऑपरेशनची भीती बसलीय, त्यांनी लिहून दिलं. तो कागद थोरलीने चुरगाळून खिशात कोंबला. पस्तीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईला कागदावर भित्री म्हणून लिहून देतात.

दुसऱ्या तारखेला ती जिद्दीने गेली. या वेळी हयगय नको म्हणून संडासात सहा-सहा थेंब, आणि थांबावं फार लागलं म्हणून आणखी एकदा सहा. दोनशेच्या वर. सिस्टरने पट्टा सोडवला आणि धाकटीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. थोरलीला दिसत नव्हतं, पण ऐकू नीट यायचं. "आजींना घरी जरा शांत ठेवा."

घरी येताना ती रिक्षात हिशेब मांडत होती. थेंब घातल्याशिवाय कापडाखाली जाता येत नाही आणि कापडाशी पोचलं की पट्टा आडवा येतो. आपण रोज जास्त काळजी घेतोय आणि रोज दार जास्त घट्ट लागतंय, एवढंच तिला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. खुंटीवरचा कोट रोज सकाळी तिच्याकडे पाहायचा. एकदा तिने भिंग लावून स्वतःच उसवायला घेतला. काळं कुठलं आणि निळं कुठलं कळेना, आणि तीन धागे कापडाचेच तुटले. तिने कोट परत टांगला. धाकटीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

*

तिसऱ्या तारखेला डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, या वेळी बीपी वर गेलं तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. थोरलीने सकाळी घरी दोनच थेंब घातले. दुसरी फेरी अगदी शेवटी, आत बोलावल्यावर, हा तिचा बेत. हात खिशात, बाटली मुठीत.

वरचं एकशे अडुसष्ट. "चालेल," सिस्टर म्हणाली आणि धाकटीने मोठ्याने श्वास सोडला.

मग सिस्टरने ट्रेमधून एक इवलीशी बाटली उचलली. थोरलीला धूसर दिसत होतं तरी ती चोच तिने ओळखली. तिच्या खिशातल्या बाटलीची सख्खी बहीण.

"मान मागे. हा थेंब बुबुळाची खिडकी मोठी करतो, म्हणजे डॉक्टरांना आत काम करता येतं. नसा आवळणारा थेंब आहे, कधीकधी याने बीपी वर जातं. म्हणून मी दहा मिनिटांनी परत मोजणार, घाबरायचं नाही."

"थेंबाने?" थोरली म्हणाली. "एका थेंबाने बीपी वर जातं?"

"थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, नाकातून रक्तात. मग जिथे जाईल तिथे थोडं-थोडं आवळतो."

"डोळ्याचाच? की कुठलाही?"

"नसा आवळणारा कुठलाही. नाक मोकळं करायचे ते थेंब मिळतात ना, ते याचेच चुलत भाऊ. नाकातल्या नसा फुगतात, ते त्यांना आवळतात, जागा होते, वारा येतो. जास्त घातले तर तेच."

थोरलीच्या मुठीतली बाटली गरम झाली होती. चार-चार, एकशे नव्वद. सहा-सहा आणि परत सहा, दोनशे. सुईत दोरा जावा तसं सगळं एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. दार बाहेरून कुणी लावत नव्हतं. कडी आतून होती आणि संडासात उभं राहून ती स्वतःच लावत होती.

"माझ्या ओळखीची एक बाई आहे," ती म्हणाली. "ती नाकात थेंब घालते."

"किती दिवस?"

"चार... चार वर्षं."

सिस्टरने तोंडातलं टोपण काढलं. "त्या बाईला म्हणावं, आमच्याकडे ऑपरेशनला येणार असलीस तर आधी सांग. डोळ्यात थेंब पडायच्या आधी."

"ती म्हणेल, ते औषध थोडंच आहे."

"मग काय आहे?"

बाजूच्या खुर्चीत धाकटी बसली होती, मांडीवर पर्स, पर्समध्ये सात झाकणांची डबी. आत्ता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बोललं तर तिसऱ्यांदा परत, आणि तेही धाकटीच्या देखत. सिस्टरने तिची पापणी अंगठ्याने खाली ओढली. वर बाटलीची चोच आली, चोचीवर थेंब जमला, गोल झाला, लोंबू लागला.

थोरलीने सिस्टरचं मनगट धरलं. "थांब."

तिने खिशातून हात काढला आणि आपली बाटली ट्रेमध्ये ठेवली, दुसरीच्या शेजारी.

"हे औषध असतं का?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण कुणीतरी दोन बोटं बारीक करून ठेवला होता.

सिस्टरने बाटली उचलून वरचं नाव वाचलं. मग धाकटी म्हणाली, "सिस्टर, अशा अजून तीन आहेत. बटणांच्या डब्यात एक, उशाखाली एक, मशीनच्या खणात एक."

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की डोळे चांगले असते तर धाकटीची धडगत नव्हती.

*

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नाकातून रक्त येतं तेव्हा आम्हीच हे थेंब कापसाला लावून आत ठेवतो, दात काढताना भुलीच्या सुईत याच जातीचं औषध असतं म्हणून भूल तिथेच टिकते, त्या म्हणाल्या. औषध चांगलं आहे. तीन दिवसांचं आहे. त्यापुढे नसा त्याच्याशिवाय आवळायचं विसरतात. थेंब उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून आणखी थेंब, म्हणून आणखी फुगणं.

"नाडी," थोरली म्हणाली.

"काय?"

"लेंग्याची नाडी. रोज करकचून आवळली की कापडाचा जीव जातो. मग नाडी सोडली की लेंगा उभाच राहत नाही."

डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं. मग उपाय सांगितला. दोन्हीकडचं एकदम सोडायचं नाही, जीव घाबरा होतो आणि माणूस परत बाटलीकडे जातो. एक नाकपुडी निवडायची. तिच्यात एकही थेंब नाही, फक्त मिठाचं पाणी आणि रोज एक फवारा, जो आवळत नाही, सूज हळूहळू उतरवतो. दुसरीला तोवर मोजून दोन थेंब. पहिली आपोआप उघडली, बीपी नीट राहिलं, की ऑपरेशन. दुसरीचं नंतर.

"कुठली सोडता?"

थोरलीने विचार केला. "डावी. उजव्या हाताने सुई चालते, उजवी बाजू कामाची आहे."

पहिले पाच दिवस डाव्या नाकपुडीत कुणीतरी ओली फ्लॅनेल ठासून बसवली होती. अर्धं डोकं जड, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी. ताटातलं सगळं एकाच चवीचं, कोमट. उजवीत थेंब घातला की वारा फक्त त्या बाजूने शिरायचा आणि डावी जास्तच बंद वाटायची, शेजारणीच्या घरी पाहुणे आले की आपलं घर रिकामं वाटतं तशी. थोरलीने एका गिऱ्हाइकाला "पँट फाडण्याआधी विचार करत जा" म्हणून सुनावलं. दुसऱ्याला फाटलेलंच बरं दिसतं म्हणून परत पाठवलं. बाटली डावीकडे वळली की मशीनवरून मान वर न करता धाकटी म्हणायची, "जाऊबाई. उजवी."

"तू माझ्या नाकात नाक खुपसू नकोस."

"उजवी, जाऊबाई."

आठव्या दिवशी थोरली म्हणाली, यापेक्षा आंधळी झालेली परवडली. नवव्या दिवशी तेच म्हणाली. दहाव्या दिवशी ती खिडकीशी डब्यातले दोरे उगाच लावत बसली होती, आणि एकदम ओरडली, "अगं जळतंय! इस्त्री उचल, लोकर जळतेय!"

धाकटीने इस्त्री उचलली. एका बाहीला पिवळट डाग पडला होता, नखाएवढा. ती बाहीकडे बघायची सोडून थोरलीकडे बघू लागली.

"काय बघतेस? गिऱ्हाइकाला काय सांगणार आहेस?"

"उजवीत थेंब कधी घातला होता?"

"सकाळी. ती तर मघाशीच बंद..." थोरलीने उजवी बोटाने दाबली. मग डावीने श्वास घेतला. बारीक, शिट्टीसारखा, पण आत जाणारा. जळक्या लोकरीचा घाण, कडवट, सुंदर वास.

*

ऑपरेशनच्या दिवशी उजवीत थेंब नाही, असं बजावलं होतं. टेबलावर पडेपर्यंत उजवी पूर्ण बंद झाली होती. शटर खाली, कुलूप. वरचं एकशे अठ्ठेचाळीस.

आणि मग हिरवं कापड आलं.

ते तिने कल्पनेत हजारदा पाहिलं होतं, त्यापेक्षा ते हलकं होतं आणि त्यापेक्षा वाईट होतं. आपलाच श्वास आपल्याच तोंडावर परत येत होता. हनुवटीजवळ सिस्टरने हवेची बारीक नळी सोडली होती, ती कुजबुजत होती. वर फक्त उजेड. डोळ्यापाशी कुणीतरी काम करत होतं आणि दुखत नव्हतं, तेच विचित्र. तिने डावीने श्वास घेतला. एक धागा वर. सोडला. एक धागा खाली. वर, खाली, वर, खाली, जसं रफूत उभ्या ताण्यातून आडवा बाणा नेतात. पन्नास टाके झाले. साठ. मग डावीही अरुंद होऊ लागली.

आडवं पडलं की होतं असं, सांगितलं होतं तिला. पण सांगणं वेगळं. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. खिसा नव्हता, ॲप्रन नव्हता, हाताला फक्त टेबलाची थंड कड. हात उचलला गेला.

"हात खाली, आजी. होतंय सगळं."

आजी कुणाला म्हणतेस गं, थोरलीच्या जिभेवर आलं. बोलायचं नव्हतं. ते वाक्य तिने गिळलं. गिळलं म्हणजे औषधच झालं ते, असं तिच्या मनात आलं आणि कापडाखाली तिला हसू फुटायला लागलं. हसायचंही नव्हतं. तिने डावीने हवा ओढली. अर्धीच आली. अर्धी पुरते का? पुरली. एक धागा वर. एक धागा खाली. दीडशेव्या टाक्याला कुणीतरी म्हणालं, "झालं."

*

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. भिंत पिवळट नव्हती, पांढरी होती. सिस्टरचे कपडे निळे होते, आणि सिस्टर तिला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान, पोरच होती. आठवडाभर सुई नाही, वाकायचं नाही, असं बजावून तिला सोडलं.

ती थेट दुकानात आली. खुंटीवरून कोट काढला आणि खिडकीत धरला. निळ्या कापडावर डाव्या खिशाखाली काळा रफू माशी बसावी तसा बसला होता.

ती म्हणाली, "दिसतो गं."

थोरलीने दोऱ्यांचा डबा उघडला. त्यात नऊ निळे होते. ती इतके दिवस त्यांतल्या पाचांना काळे समजत होती. तिने एकेक कोटावर ठेवून पाहिला आणि सातवा उचलला.

"तू उसव," ती म्हणाली. "मला आठवडा बंदी आहे."

"तुमच्या हाताने उसवणार होतात ना?"

"बसलेय ना समोर? माझ्या डोळ्याने उसव."

धाकटीने सुई घेतली. थोरलीने ॲप्रनच्या खिशातून बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. मग बटणांच्या डब्यातली, मग मशीनच्या खणातली. उशाखालची ती घरून घेऊनच आली होती. "आता उजवीची पाळी. या सगळ्या तुझ्याकडे ठेव. मागितल्या तरी देऊ नकोस."

"आणि शिव्या घातल्या तर?"

"पहिल्यांदा ऐकणार आहेस?"

धाकटीने चारही बाटल्या पर्समध्ये टाकल्या, सात झाकणांच्या डबीशेजारी, आणि पर्स मांडीखाली घेतली. काळे टाके एकेक करून सुटू लागले. उजवी बंद होती, वरपासून खालपर्यंत. डावीने एक धागा वर, एक धागा खाली. तासभर गेला असेल. थोरलीने खुर्ची सरकवली, नाक चोळलं, खिडकी उघडली, बंद केली.

"इकडे दे गं जरा," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"माहीत आहे काय ते. एकच थेंब."

धाकटीने दोरा दाताने तोडला आणि मान वर न करता विचारलं, "मशीनचं तेल का, जाऊबाई?"